जुनी फियाट कापून व्हिंटेज रेसकार होत नाही

डिचोली-पेडण्याकडच्या गॅरेजांत जुन्या रेसकारची प्रतिकृती बांधण्याचा विषय निघाला की एक सल्ला मला वारंवार ऐकायला मिळतो. जुनी फियाट घ्यायची, वरची बॉडी काढायची, खालच्या चेसिसवर बुगाटीसारखी फायबरची बॉडी बसवायची. आरसी बुक जुनंच राहतं, गाडी पन्नास वर्षांची, म्हणजे नंबरही व्हिंटेजचा मिळतो. एवढ्या सल्ल्यात तीन चुका आहेत. हौशी माणसं पैसे घालून बसतात आणि गाडी शेवटी शेडमध्ये गंजते, म्हणून या तिन्ही नीट समजून घ्यायला हव्यात.

पहिली चूक लोखंडातली. फियाट ११०० काय किंवा अँबेसिडर काय, तिला वेगळी चेसिस नसतेच. तळ, खांब, छप्पर हे सगळं एकत्र वेल्ड केलेलं असतं आणि तो अख्खा सांगाडा भार पेलतो. याला मोनोकॉक म्हणतात. छप्पर आणि खांब कापले की खाली उरतो तो वळणावर पिळवटणारा तळपत्रा. जीपला स्वतंत्र चेसिस असते, ती पाहून लोक सगळ्याच गाड्यांना तोच नियम लावतात. १९२४ साली शर्यतीत उतरलेली बुगाटी टाइप ३५ लांब पोलादी पट्ट्यांच्या चेसिसवर उभी होती. तिची प्रतिकृती करायची तर चेसिस नवीच बांधावी लागते. जुन्या गाडीतून इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल मिळेल, गाडी मिळणार नाही. आपल्या कोकणातलंच उदाहरण पाहा. अलिबागजवळ कारलेखिंडला चिंकारा मोटर्सने १९५७ च्या लोटस सेव्हनच्या वळणाची रोडस्टर केली. इंजिन तयार घेतलं, १.८ लिटरचं इसुझू. नव्वदच्या दशकात अँबेसिडरला मिळालं त्याच घराण्यातलं. पण ती कुणाची जुनी गाडी कापून केलेली नव्हती.

दुसरी चूक कागदातली. ‘आरसी आहे ना, मग वर काहीही बांधा’ हे वाक्य तर ऐकवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल संदिग्धता ठेवलेली नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. इंजिन बदलायला परवानगीची वाट आहे, पण चार दारांच्या सेडानची दोन आसनी, बिनछपराची रेसकार करणं त्या वाटेत बसत नाही.

तिसरी चूक सर्वांत दुःखद. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीला व्हिंटेज नोंदणी मिळते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे ज्या क्षणी तुम्ही कटर लावला, त्या क्षणी ती पात्रता गेली. गोव्यात पोर्तुगीज काळात आलेल्या गाड्यांपैकी काही अजून घराघरांतल्या शेडमध्ये उभ्या आहेत. त्यातली एखादी खरी जुनी गाडी नकली जुन्या गाडीसाठी कापली जाते, तेव्हा मला मनापासून राग येतो. तिला तशीच दुरुस्त केली तर ती कायद्यानेच व्हिंटेज आहे. मात्र व्हीए क्रमांकाची गाडी रोज बाजाराला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

आता बाकीचे गैरसमज. ‘खाणीचा रस्ता खासगी, तिथे काहीही चालतं.’ लोकांना जायचा हक्क असेल तर कायद्याच्या दृष्टीने ती सार्वजनिक जागाच. ‘प्रतिकृती म्हणजे फसवणूक.’ नाही. अर्जेंटिनातल्या पराना शहरात पुर सांग ही कंपनी उघडपणे बुगाटीच्या प्रतिकृती बांधते. फसवणूक सुरू होते ती जुना चेसिस क्रमांक ठोकून अस्सल म्हणून विकताना. ‘जुन्या रेसकार संथ होत्या, ब्रेक जुनेच चालतील.’ टाइप ३५बी ताशी २०० किलोमीटरच्या घरात पळत होती, तारेने ओढायच्या ड्रम ब्रेकवर. ते धाडस करू नका, हायड्रॉलिक बसवा. ‘अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही.’ लोखंडी नळीवर थेट रिव्हेट करून पाहा! मोरजी-हरमलच्या खाऱ्या दमट हवेत दोन धातूंमध्ये विद्युतघट तयार होतो आणि आधी अ‍ॅल्युमिनियमच खाल्लं जातं. मध्ये प्रायमर आणि इन्सुलेशन हवंच. फायबर करणार असाल तर भर पावसात रेझिन ओतू नका, ओलाव्याने ते नीट पिकत नाही.

मग बांधायचीच नाही का? जरूर बांधा. खाणीचे टिपर सांभाळलेले वेल्डर आणि फायबरच्या होड्या करणारे हात आपल्याकडे आहेत. फक्त पहिल्या दिवशी ठरवा, गाडी रस्त्यासाठी की ट्रॅकसाठी. रस्त्यासाठी हवी तर नियम १२६ प्रमाणे नमुना गाडी पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थेत तपासून घ्यावी लागते. हे उत्पादकाचं काम, एका हौशी गाडीला तो खर्च झेपत नाही. ट्रॅकसाठी असेल तर गोव्यात कायमचा रेसट्रॅक नाही, हे धरून चाला. कोइमतूरचा करी किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई गाठावा लागेल, तोही ट्रेलरवरून. त्यामुळे ट्रेलरचे पैसे सुरुवातीच्याच अंदाजपत्रकात धरा, आणि चेसिसवर नवा क्रमांक, बांधणीचं खरं साल आणि बांधणाऱ्याचं नाव ठोका.