मोरपंखी आणि दोन अभाव

मागच्या व्याख्यानात आपण वैशेषिकांचे अभावाचे प्रकार पाहिले. ते झाल्यावर एका ताईंनी चिठ्ठी पाठवली : "सर, घट आणि पट पुरे झाले, घरातलं काहीतरी उदाहरण द्या." रास्त मागणी आहे. तेव्हा आज घरातलं, म्हणजे आमच्या फाटकातलंच उदाहरण घेऊ. मोरपंखी.

शाळेत असताना हिचं पान 'विद्या' म्हणून आपण पुस्तकात जपून ठेवायचो, तीच ही. लिनिअसने १७५३ साली हिला थुजा ओरिएंटॅलिस म्हटलं. आता शास्त्रीय नाव प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस आहे. पण नर्सरीत जाऊन ते म्हणू नका, तिथे थुजाच चालतं. (होमिओपॅथीतलं थुजा हे हिचं अमेरिकन भावंड बरं का, ही नव्हे.) मूळची ही चीनकडची. शांशी प्रांतात हुआंगलिंग इथे पीतसम्राटाची समाधी मानतात, तिथे हिचं मोठं पुरातन वन आहे. त्यातलं एक झाड खुद्द सम्राटाने लावलं असं सांगतात. दंतकथाच ती, पण झाडंच इतकी जुनी आहेत की सांगणाऱ्याला संकोच वाटत नाही.

आपल्याकडे बंगल्यापुढे लावतात ती बहुधा हिची ठेंगणी, अंडाकृती जात. वर्षाला वीतभरही वाढत नाही. म्हणून तर आपण फसतो! रोप आणलं तेव्हा ते गुडघ्याएवढं होतं. फाटकाच्या दोन्ही खांबांपासून दोन-दोन फुटांवर एकेक लावलं, कारण तेव्हा ते तसंच शोभत होतं. आमच्या सौ. तेव्हाच म्हणाल्या होत्या, "अहो, अजून थोडं लांब लावा." आम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. ऐकलं नाही.

डावीकडचं दुसऱ्याच पावसाळ्यात गेलं. गच्चीचं पाणी पन्हाळीतून नेमकं त्याच्या बुडाशी पडत होतं, आणि खाली पुण्याची काळी माती. मोरपंखीला ऊन चालतं, थोडी तहान चालते, चुनखडीही चालते; पाय ओले राहिलेले मात्र अजिबात चालत नाहीत. मुळं कुजतात. काळ्या मातीत मुरूम आणि वाळू मिसळून वीतभर उंचवटा करावा आणि त्यावर रोप बसवावं, एवढं केलं की निम्मं काम झालं. आणखी एक : झाडाच्या आत हात घालून पाहिलंत तर जुनी पानं तपकिरी होऊन गळताना दिसतील. तिथे ऊन पोचत नाही, त्यामुळे हे व्हायचंच. लोक घाबरून जास्त पाणी घालतात आणि चांगलं झाड मारतात. बाहेरची हिरवळच करपायला लागली, तर मात्र मुळाशी बघा. उन्हाळा असेल तर लाल कोळीही असू शकतो, त्याला पानांवर पाण्याचा जोरदार फवारा मारून पाहावा.

उजवीकडचं जगलं. वीसेक वर्षांत इतकं रुंद झालं की फाटक पूर्ण उघडेना. माळ्याला सांगितलं, ही बाजू छाटून टाक. त्याने करवत लावली आणि अर्ध्या तासात फाटक मोकळं केलं. आम्ही खूश. जास्वंद बुंध्याशी छाटली तरी दोन महिन्यांत फुटते, तसंच हेही फुटेल, असा आमचा हिशेब. मोरपंखी जुन्या, उघड्या लाकडातून सहसा फुटत नाही. तिची छाटणी हिरव्या टोकांपुरतीच, हलक्या हाताने आणि दरवर्षी करायची असते. ती बाजू आजही काटक्यांची आहे.

आता ताईंचं उदाहरण. प्रागभाव अनादि, पण वस्तू उत्पन्न झाली की संपणारा. प्रध्वंसाभावाला आरंभ आहे, अंत नाही. रोप लहान असताना जी हिरवळ नव्हती तो प्रागभाव. वीस वर्षांनी तो संपला. माळ्याची करवत थांबली त्या क्षणापासून जी हिरवळ नाही, तो प्रध्वंसाभाव. झाड तेच, 'इथे हिरवं नाही' हे वाक्यही तेच. पण पहिल्या अर्थी थांबून राहण्यात शहाणपण होतं, दुसऱ्या अर्थी थांबणं म्हणजे नुसती स्वतःची समजूत. हा फरक आम्ही तीस वर्षं फळ्यावर लिहिला आणि करवतीच्या वेळी आठवला नाही.

या जूनमध्ये एक नवं रोप लावलं आहे. वीतभर उंच. भिंतीपासून सहा फूट, फाटकापासून सहा फूट, पन्हाळ दुसरीकडे वळवून. मोकळ्या अंगणात ते इतकं एकटं दिसतं की शेजारचे विचारतात, हे मधेच काय लावलंत? सौ. त्यांना टेप दाखवतात.