पाळीवरचा पाणकर

पर्यटन पुरवणीसाठी गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. जंगल, बोटी, मारुती चितमपल्लींच्या लेखनातले पक्षी, सगळं तिथे आहेच. मी मात्र तलावाच्या पाळीवरच रेंगाळलो.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी टेकड्यांमधली वाट अडवून हा सुमारे ११ चौरस किलोमीटरचा जलाशय उभा केला. पुढे लोकांनी त्यांना कोलासूर देव मानलं. 'सात बहिणी' टेकड्यांपैकी एकीवर त्याचं ठाणं आहे.

कोहळी समाजाच्या तलावबांधणीतलं मला सर्वांत विलक्षण वाटतं ते तुडूम. पाळीच्या आतल्या अंगाला पायरीपायरीनं उतरणारं बांधकाम, वेगवेगळ्या उंचीवर भोकं आणि त्यांत लाकडी खुंट. तलाव भरलेला असताना आधी सर्वांत वरचा खुंट काढायचा, पाणी उतरलं की त्याखालचा. वर दाब कमी, म्हणून एकट्या माणसाच्या हातानं खुंट निघतो आणि नहरेत पाणी बेतानं उतरतं. तळाचा आधी काढू गेलं तर अख्ख्या तलावाचा भार त्यावर. किती साधी युक्ती, आणि किती शहाणी!

ही उघडझाप पाणकराची. धान निसवताना पाऊस दडला, तर आज कोणाच्या बांधीत पाणी जाणार, हे त्याला सांभाळायचं. चुकला तर जाब विचारणारे शेजारीच.

१९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारजमा झाले. गोंदिया जिल्ह्यात चौदाशेहून अधिक मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव आहेत. लहान जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. तुडुमाच्या जागी आलेलं लोखंडी गेट गंजलं की दुरुस्तीची फाइल निघते आणि हंगाम तिच्यासाठी थांबत नाही. तलावांच्या पोटात गाळ साचतो, काठावर बेशरम नावाची वनस्पती माजते. मरळ, शिंगूर मागे पडून रोहू-कटला उरतात. गोंदिया शहरानंही हे दूरचं समजू नये. डांगोर्लीला वैनगंगा आटली की शहराच्या नळांसाठी पुजारीटोला धरणाचं पाणी नहरेनंच आणावं लागतं.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाबरोबर मासेमार ढिवर समाजाच्या बायका तलाव सावरताहेत. बेशरम उपटायची, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरायचा, देशी पाणवनस्पती लावायच्या. हे काम घाम काढणारं आहे. पण मे महिन्यात तळाशी पाणीच राहिलं नाही, तर लावलेलं सगळं करपतं आणि बीजासाठी मासाही उरत नाही. म्हणून गेट कधी बंद करायचं हे ज्या बैठकीत ठरतं, तिथे या बायकांना बसवलंच पाहिजे.