पेशीतली तर्री
मिसळीवरची लाल तर्री आठवा. मिरचीचा रंग पाण्यात नाही, तेलात उतरतो. ‘ऑइल रेड ओ’ हे रंगद्रव्यही तसंच: पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमधून निघून ते पेशीतल्या चरबीच्या थेंबांत शिरतं.

नेहमीच्या पद्धतीत ऊतीचा तुकडा मेणात बसवण्याआधी अल्कोहोल आणि झायलीनमधून जातो. त्यात चरबी विरघळून जाते आणि उरतात फक्त रिकाम्या जागा. म्हणून इथे ऊती गोठवून काप घेतात.

याचं महत्त्व कुठे? दान केलेल्या यकृतात चरबी फार असेल, तर प्रत्यारोपणानंतर ते नीट काम न करण्याचा धोका वाढतो. शंका आली तर गोठवलेला काप तातडीने तपासतात. पण लाल दिसलं की यकृत बाद, असं समजू नका. मोठे थेंब किती पेशींत आहेत, त्यावर बरंच ठरतं.