एकाच गाडीवर आलात का?

माझी भाची कर्जतला राहते. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाली आणि मला म्हणाली, “मावशी, मला नवरा-बायकोंच्या, घराघरांतल्या भांडणांवर काम करायचंय. त्यासाठी शिकायचं काय, आणि नोकरी कुठे मिळते?” मला उत्तर देता आलं नाही. वकील, डॉक्टर, शिक्षक व्हायचं तर वाट कुठून जाते ते कुणीही सांगेल. कुटुंब समुपदेशक कसं व्हायचं, हे कर्जत स्टेशनपासून चारफाट्यापर्यंत सांगणारं कुणी भेटेना. म्हणून कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत चौदा वर्षं हेच काम करणाऱ्या एका बाईंकडे जून महिन्यातले चार गुरुवार मी जाऊन बसले. त्यांना सगळे ताई म्हणतात, मीही तेच म्हणते. इथे लिहिलेल्या कुणाचीही ओळख पटणार नाही, एवढी काळजी घेतली आहे.

ताईंची खोली लहान. टेबल भिंतीला सारलेलं, कारण मधे टेबल आलं की कचेरी वाटते आणि माणसं अर्ज दिल्यासारखी बोलतात. प्लॅस्टिकच्या तीन खुर्च्या, त्यातल्या दोन एकमेकींना काटकोनात. चौथी खुर्ची मुद्दाम ठेवलेली नाही. बरोबर आलेली सासू, मेव्हणा, गावातला वजनदार माणूस, सगळ्यांनी बाहेरच्या बाकावर थांबायचं. त्यांना वेगळी वेळ मिळते. बैठक चालू असताना मीही त्याच बाकावर असे.

ताई मात्र जोडपं आत येण्याआधीच कामाला लागलेल्या असतात. खिडकीतून रस्ता दिसतो. कोण कसं येतंय, ते त्या बघतात. दोघं एका मोटरसायकलवर आली, की ती टमटमनं आणि तो मागून चालत? मूल कुणाच्या कडेवर? आणि आत आल्यावर पहिला प्रश्न तोच, “एकाच गाडीवर आलात का?” प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर आधी कोण देतं आणि उत्तर देताना दुसरा कुठे बघतो, यावर ताईंची पुढची अर्धी बैठक ठरते.

एकदा एक जोडपं रडून-बोलून बाहेर आलं आणि ती निमूट त्याच्या मागे गाडीवर बसली. मला बरं वाटलं. ताई म्हणाल्या, “लगेच मिटलं समजू नका. कधीकधी बाई गाडीवर बसते, कारण शेवटची एसटी गेलेली असते.”

हे वाक्य ऐकल्यापासून ‘समेट’ हा शब्द मला खटकू लागला आहे. गावच्या बैठकीत, नातेवाइकांत, कधी पोलीस ठाण्यातही समुपदेशन म्हणजे बाईला ‘जुळवून घे’ असं सांगणं, असाच समज असतो. ताईंचं काम याच्या उलट दिशेनं सुरू होतं. घरात मारहाण असेल तर नवऱ्याला त्या आधीच स्पष्ट सांगतात, “मारलं का, याचं कारण इथे ऐकलं जात नाही.” हा त्यांचा तापटपणा नाही, नियमच तसा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ला. त्याच्या कलम १४ नुसार न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात, आणि हिंसेचं समर्थन करायची मुभा समोरच्याला नाही, हे बैठकीआधी सांगायचं, असं नियमांत लिहिलेलं आहे. सगळ्या पक्षांनी लेखी मान्यता दिल्याशिवाय वादातल्या कुणाचाही नातलग समुपदेशक होऊ शकत नाही, हेही लिहिलेलं आहे. ‘घरातली मोठी माणसं बघून घेतील’ या आपल्या सवयीला कायद्यानं दिलेलं हे उत्तर मला फार मोलाचं वाटतं.

भाचीच्या प्रश्नाकडे येते. ताईंनी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण केलं. या कामात बहुतेक जण तिथूनच येतात, काही मानसशास्त्रातल्या एम.ए.कडून. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, या जुन्या जागा. घराघरांतल्या नात्यांवर काम करण्याचं खरं शिक्षण मात्र पदवीनंतर, कुणा जाणत्याच्या शेजारी बसून होतं.

पुढे वाटा फुटतात. १९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्यानं न्यायालयातच समुपदेशक आणले. महाराष्ट्रात त्या पदाला विवाह समुपदेशक म्हणतात. त्याच १९८४ साली टाटा संस्थेनं मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथून ती कल्पना राज्यभर गेली. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात आले, पण तालुक्याच्या गावी अजून कुणीही पाटी लावून बसू शकतो. आणि कुटुंब न्यायालय बंधनकारक आहे ते दहा लाखांवर वस्तीच्या शहराला. कर्जत-खालापूरला ते नाही. वाट सुरू इथून होते खरी, पण तिची प्रत्येक पुढची पायरी रेल्वेनं तास-दोन तासांवर आहे.

ताईंकडे शिकून तयार झालेल्या दोघी तशाच गेल्या. एक ठाण्याला, एक पुण्याला. त्यांना दोष कसा द्यायचा? ताईंची स्वतःची नेमणूक अकरा महिन्यांची असते. अकरा महिने झाले की खंड, मग नवा आदेश, पुन्हा अकरा महिने. चौदा वर्षं असंच. कपाटातल्या एका पिशवीत ते सगळे कागद आहेत. त्यांनी तक्रारीच्या सुरात नाही, माहिती म्हणून सांगितलं. “एखादी बाई खरं काय घडलं ते सांगायलाच सहा महिने घेते,” त्या म्हणाल्या, “मग माझ्याकडे पाच उरतात.”

तिसऱ्या गुरुवारी खालापूर तालुक्यातल्या एका वाडीवरून एक कातकरी जोडपं आलं. वीटभट्टीचा हंगाम संपवून नुकतंच परतलेलं. पाऊस लागून आठवडा झाला होता, तरी त्यांच्या कपड्यांना भट्टीचा वास होता, धुराचा आणि जळक्या तुसाचा. ती दोघं गेल्यावरही खोलीत तो राहिला. आज लिहितानाही मला तो आठवतो.

बाहेर टमटमची वाट बघताना ती स्वतःहून माझ्याशी बोलली. त्याचं पिणं होतं, मारणं होतं. पण ती अडकली होती दुसऱ्याच गाठीत. भट्टीवर माणूस एकटा लागत नाही, जोडी लागते. तो माती कालवतो, ती विटा वाहते, आणि शेठ बयाणा देतो तो जोडीला. पुढल्या हंगामाचा बयाणा त्यानं आताच उचलला होता आणि त्यातला बराचसा उडवलाही होता. “मी नाय गेली तं पैसं कोन फेडील?” तिनं विचारलं. नवऱ्यापासून वेगळं राहायचं, तर तिला आधी शेठच्या वहीतून सुटावं लागणार होतं.

जोडप्यांच्या समुपदेशनाच्या पुस्तकांत संवाद, विश्वास, अपेक्षा असे शब्द असतात. ते खोटे नाहीत. पण इथे जोडपं हेच मजुरीचं माप आहे, आणि हे ठाऊक नसलेला समुपदेशक या बाईला काय देणार? ताईंनी त्या दिवशी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. संसाराचं बोलणं खुर्च्यांवर, आणि बयाण्याचं तहसील कचेरीत. कर्जापोटी माणूस बांधून ठेवणं १९७६च्या वेठबिगारीविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, हे त्या दोघांनाही एकत्र बसवून सांगितलं. ते ऐकताना नवऱ्यानं पहिल्यांदा मान वर केली, असं ताई म्हणाल्या. तोही त्याच वहीत अडकलेला होता.

परिस्थिती ठाऊक असलेल्यांनाच हे काम शिकवावं, ही कल्पना नवी नाही. कुटुंबोपचाराच्या इतिहासात साल्वादोर मिनुचिन हे मोठं नाव. अमेरिकेत फिलाडेल्फियाला, १९६०च्या दशकाच्या अखेरीस, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतल्या, पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना कुटुंबांसोबत काम करायला शिकवलं होतं. ज्यांच्या घरात जायचं, त्यांची भाषा आणि परिस्थिती त्या माणसांना ठाऊक होती. वाडीवर गेलं की ताईंनाही हेच जाणवतं. कातकरी बाई मराठीत भांडण सांगते, रडते मात्र तिच्या भाषेत, आणि तिथे ताईंना थांबावं लागतं. बारावी झालेल्या कातकरी-ठाकर मुली या दोन तालुक्यांत आहेत. ताईंना त्यातल्या दोघी हाताशी हव्या आहेत, मानधनासकट. अजून एकही मिळालेली नाही, कारण अकरा महिन्यांच्या आदेशात मदतनीस बसत नाही.

भाचीनं एमएसडब्ल्यूचा अर्ज भरला आहे. परत येशील का, असं मी तिला विचारलेलं नाही. तिनं परत यावं असं वाटत असेल, तर आधी तिला बसायला जागा हवी. कर्जतला एक आणि खालापूरला एक, अशा पूर्ण पगाराच्या दोन कायम जागा आणि प्रत्येकीसोबत वाडीवरची एक शिकाऊ मुलगी, ही मागणी फार मोठी नाही. ग्रामसभेत बोलणाऱ्यांनी, आमदारांना भेटणाऱ्यांनी ती एकदा तरी करावी, अशी माझी विनंती आहे.

त्या जोडप्यानं भट्टीवर पुन्हा एकत्र जायचं की नाही, हे दिवाळीपर्यंत ठरायचं आहे. तोवर दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी दोघं येणार आहेत. ताईंचा आताचा आदेश ३० सप्टेंबरला संपतो.