टिचकीचे मोल : संलग्न विपणनातील मोबदल्याची मापे

कोणत्याही कामाचा मोबदला ठरवावयाचा म्हणजे प्रथम त्या कामाचे माप ठरवावे लागते. माप आणि काम या मात्र दोन निराळ्या गोष्टी होत. माप हे कामाचे केवळ चिन्ह असते. इस्लामपूरच्या आसपास गावोगावी असलेल्या दूध संकलन केंद्रांवर या भेदाचा प्रत्यय रोज येतो. दुधाचे पैसे नुसत्या लिटरवर दिले, तर पाणी घालणाराचा लाभ होतो. म्हणून फॅट व डिगरी पाहून दर लावला जातो. महाजालावरील जाहिरातीचा मोबदला कसा ठरतो, हा वरवर अगदी दूरचा वाटणारा प्रश्न मुळात याच जातीचा आहे.

संलग्न विपणन म्हणजे दुसऱ्याच्या मालाकडे ग्राहक वळवून त्याबद्दल मोबदला घेणे. समजा, सांगलीची हळद विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने इस्लामपूरच्या एका लेखकाशी करार केला. लेखक आपल्या संकेतस्थळावर पाककृती लिहितो आणि तेथे व्यापाऱ्याच्या दुकानाचा दुवा देतो. आता लेखकाला पैसे कशाबद्दल द्यावयाचे? जाहिरात वाचकाच्या दृष्टीस पडल्याबद्दल, वाचकाने दुव्यावर टिचकी मारल्याबद्दल, की प्रत्यक्ष विक्री झाल्याबद्दल? हिशोबासाठी काल्पनिक आकडे घेऊ. १,००० वेळा जाहिरात दिसली, २० जणांनी टिचकी मारली आणि एकाने ५०० रुपयांची हळद घेतली. हजार दर्शनांना ४० रुपये, टिचकीमागे २ रुपये किंवा विक्रीवर ८ टक्के, यांपैकी कोणताही दर लावला तरी लेखकाला ४० रुपयेच मिळतात. मग तिन्ही पद्धतींत अंतर कोणते? अंतर आहे ते जोखमीच्या वाटणीत. पुढील महिन्यात २० टिचक्या पडूनही एकही विक्री झाली नाही, तर टिचकीच्या करारात व्यापाऱ्याचे ४० रुपये जातात. विक्रीच्या करारात लेखकाचे श्रम फुकट जातात. माप जितके विक्रीच्या जवळ सरकते, तितकी जोखीम लेखकाकडे सरकते.

या पद्धतींचा इतिहास फार जुना नाही. ॲमेझॉनने १९९६ मध्ये आपली संलग्न योजना सुरू केली, ती विक्रीवरील दलालीच्या तत्त्वावर. टिचकीमागे पैसे ही कल्पना शोधयंत्रांतील जाहिरातींत १९९८ मध्ये गोटू या अमेरिकन कंपनीने रुजविली. जो जाहिरातदार टिचकीला अधिक भाव देईल, त्याचा दुवा वर, असा तो लिलाव होता. गूगलने २००२ मध्ये आपल्या जाहिरात व्यवस्थेत टिचकीचा लिलाव आणला, आणि २००३ मधील ॲडसेन्स या योजनेने सामान्य संकेतस्थळांच्या चालकांनाही त्या उत्पन्नात वाटेकरी केले. ॲडसेन्समध्ये हिंदीला २०१४ मध्ये स्थान मिळाले. मराठीचा समावेश त्यानंतर झाला.

'क्लिक' आणि तिचा मराठी पर्याय 'टिचकी' हे दोन्ही शब्द ध्वन्यनुकारी आहेत, ही गोष्ट येथे अर्थपूर्ण ठरते. या शब्दांत बोटाचा आवाज आहे, मनातील हेतू नाही. पर्स या तत्त्वज्ञाच्या परिभाषेत बोलावयाचे, तर टिचकी हे दर्शक चिन्ह होय. धूर जसा अग्नी दर्शवितो, तशी टिचकी खरेदीची इच्छा दर्शविते, असे व्यापारी गृहीत धरतो. परंतु धुरालाच भाव मिळू लागला, तर अग्नीवाचून धूर काढणारे निपजतात. चिन्ह विकत घेता येते, म्हणजेच ते अर्थावाचून तयारही करता येते.

घडलेही तसेच. स्वतःच्या पानावरील जाहिरातींवर स्वतःच टिचक्या मारणे, त्यासाठी माणसे बसविणे, यंत्राकरवी टिचक्या पाडणे असे प्रकार सुरू झाले. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात अशा खोट्या टिचक्यांविषयी चाललेल्या खटल्यात गूगलने २००६ मध्ये ९ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली. पुढे याच कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केले की, ॲडसेन्समधील मोबदला टिचकीऐवजी दर्शनावर दिला जाईल. हा बदल २०२४ च्या आरंभी व्हावयाचा होता.

मग विक्री हेच माप निर्दोष मानावे काय? तसे म्हणता येत नाही. ग्राहक कोणाच्या दुव्यावरून आला, हे त्याच्या संगणकावर ठेवलेल्या 'कुकी' नामक छोट्या नोंदीवरून ओळखले जाते. वाचकाने टिचकी मारलेली नसतानाही ही नोंद गुपचूप पेरून ठेवली, तर त्याने पुढे आपणहून केलेल्या खरेदीची दलाली भलत्यालाच मिळते. ईबे या कंपनीने अशा आरोपावरून आपल्या काही संलग्न भागीदारांवर २००८ मध्ये दावा लावला होता. दुधात युरिया मिसळून डिगरी वाढविणारा आणि नोंदी पेरणारा यांची युक्ती एकच. माप सूक्ष्म झाले की लबाडीही सूक्ष्म होते.

भाषेच्या अभ्यासकाला या विषयात रस असण्याचे कारण याहून खोल आहे. मापाचा परिणाम हिशोबावर होतो, तसा लेखनावरही होतो. टिचकीला मोल असेल, तेथे मथळा अर्धवट सोडला जातो. वाचकाची जिज्ञासा चाळविणे एवढेच त्याचे प्रयोजन उरते. विक्रीला मोल असेल, तेथे परीक्षणात विशेषणे वाढतात आणि मालाचे दोष तळटिपेत जातात. दर्शनाला मोल असेल, तेथे एका पानाचा मजकूर पाच पानांवर पसरतो. प्रामाणिक लेखक हे मोह टाळतो, हे खरे; पण मोह कोणत्या दिशेचा, हे मापच ठरविते.

आज मराठीच्या शब्दसंग्रहासाठी व वाक्यरचनेच्या पाहणीसाठी महाजालावरील मजकूर मोठ्या प्रमाणावर वेचला जातो. ताम्रपट वाचताना दान कोणी व कशासाठी दिले, हे आपण आधी पाहतो. बखर वाचताना ती कोणाच्या आज्ञेवरून लिहिली, हे विचारतो. तीच दक्षता येथेही हवी. प्रश्नार्थक मथळ्यांची किंवा अतिशयवाचक विशेषणांची वारंवारता मोजून 'आजची मराठी अशी आहे' असा निष्कर्ष काढण्यापूर्वी, तो मजकूर मोबदल्याच्या कोणत्या मापाखाली लिहिला गेला, याची नोंद संशोधकाने केली पाहिजे. तसे न केल्यास, आपण भाषेचे वर्णन करीत आहो असे समजून प्रत्यक्षात एका दरपत्रकाचे वर्णन करीत राहू.