डेटालाही माहेर हवं!

घरच्या सर्व्हरचा बॅकअप घरातच ठेवणं म्हणजे डुप्लिकेट किल्ली आत ठेवून लॅच ओढून घेणं. हा फंडा मला जरा उशिराच कळला!

२५ जुलै २०२४. पहाटेची वेळ. पुण्यात सिंहगड रोडला आमचं भाड्याचं, ग्राउंड फ्लोअरचं घर. मुठेचं पाणी सोसायटीत शिरलंय हे कळेपर्यंत ते हॉलमध्ये घोट्याला लागलं होतं. मेन स्विच बंद केला, सर्टिफिकेटांची फाइल उचलली आणि आम्ही दोघं तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे पळालो. टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यातला माझा सर्व्हर आठवला, तेव्हा पाणी गुडघ्याच्या वर गेलं होतं.

सर्व्हर म्हणजे काही फार ग्रेट प्रकरण नव्हतं. एक जुना डेस्कटॉप, दिवसरात्र चालू. आमच्या दोघांच्या मोबाइलमधले फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं सगळं त्यात जमा व्हायचं.

‘बॅकअप नव्हता घेतलास?’ ऑफिसात प्रत्येकाने विचारलं. घेतला होता ना! दर रविवारी, न चुकता. फक्त ती बॅकअप डिस्क सर्व्हरच्या शेजारच्या ड्रॉवरमध्ये होती. दोघी एकत्रच बुडाल्या.

पगाराच्या स्लिपा परत मिळाल्या. गोव्याचे फोटो मैत्रिणींकडे होते. गेल्या त्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या. २०१६च्या दिवाळीत मी रेकॉर्ड केलेली चाळीस मिनिटं. आजी आता नाही. आत्याच्या मोबाइलवर मी कधीतरी पाठवलेल्या दोन क्लिप सापडल्या. मिळून तीन मिनिटं.

पिक्सारलाही फटका

अशी फजिती मोठ्यामोठ्यांची झालीये. १९९८मध्ये पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’वर काम चालू असताना कुणीतरी चुकून डिलीटची कमांड दिली आणि सिनेमाचा बराचसा भाग उडाला. स्टुडिओतला बॅकअपही नीट चालत नव्हता. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. बाळ लहान म्हणून त्या घरून काम करायच्या आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमाची कॉपी होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटमध्ये गुंडाळून, गाडीत घालून, जपून स्टुडिओत आणला गेला!

फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ‘३-२-१’ नियम हेच सांगतो. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. माझ्याकडे शेवटचा ‘एक’च नव्हता.

आईच्या तीन अटी

घराबाहेर म्हणजे कुठे? माझ्यासाठी उत्तर सोपं होतं. साताऱ्याचं माहेर! पहिला मजला, ब्रॉडबँड आहे, नदी लांब. आईला फोन केला.

‘अगं, ठेव की. पण त्याचा आवाज नको, बिल वाढायला नको आणि मला त्याच्याकडे रोज बघायला लावू नकोस.’

मी आठवडाभर रिव्ह्यू वाचत बसले होते, पण खरेदीची यादी आईने एका वाक्यात दिली. असली मशीन निवडताना प्रोसेसर किती फास्ट हा प्रश्नच नाही. रात्री थोड्या नव्या फाइल्स घ्यायच्या आणि गप्प बसायचं, एवढंच तिचं काम.

जुना डेस्कटॉप : नवऱ्याच्या ऑफिसातला फुकट मिळत होता. पण ६० वॉट धरले तर दिवसरात्र चालून महिन्याला ४३ युनिट होतात. वर पंख्याची घरघर. आईच्या दोन अटींवर नापास.

तयार नॅस : दोन डिस्कचा सुबक डबा, वापरायला सोपा. सेटिंगची कटकट नको असेल तर हाच घ्या. पण डिस्क बहुतेकदा वेगळ्या घ्याव्या लागतात, म्हणजे खर्च वाढतो. आणि घराबाहेरच्या प्रतीला एक डिस्क पुरते. ती बिघडली तर नवी लावायची, मूळ डेटा घरी असतोच.

रास्पबेरी पाय : पत्त्याच्या कॅटएवढा कॉम्प्युटर. वीज अगदी किरकोळ, लाइट गेली आणि आली की आपोआप सुरू. मी जवळजवळ घेतलाच होता! पण नेहमीची हार्ड डिस्क त्याला बाहेरून केबलने लावावी लागते, आणि आईचं फडकं फिरलं की केबल निघणार हे मला ठाऊक आहे. शिवाय पाय ४च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. मोठ्या डिस्कला वेगळा अडॅप्टर हवाच.

सेकंड-हँड मिनी पीसी : ऑफिसात मॉनिटरच्या मागे लावलेला पुस्तकाएवढा डबा बघितलाय? कंपन्या नवे घेतात तेव्हा हे जुने ‘रिफर्बिश्ड’ म्हणून स्वस्तात विकायला येतात. माझ्या मॉडेलमध्ये डिस्क आतच बसते. ७ मिलीमीटर जाडीची २ टीबीची डिस्क घातली. माझा डेटा ७०० जीबी, म्हणजे जागा भरपूर. सरासरी दहाएक वॉट म्हणजे महिन्याला सात युनिट. बाहेर वायर दोनच, पॉवरची आणि नेटची. आई पास, मी पास!

एक सेटिंग मात्र विसरू नका. बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर आपोआप सुरू हो’ असा पर्याय असतो. तो चालू केला नाही तर लाइट गेल्यावर आईला बटण दाबायला सांगावं लागेल. म्हणजे तिसरी अट मोडली!

एसटीचा स्पीड

पहिली पूर्ण कॉपी पुण्यातच करून घेतली. २० एमबीपीएस अपलोडने ७०० जीबी पाठवायला सव्वातीन दिवस लागले असते. त्यापेक्षा डबा मांडीवर घेऊन एसटीने साताऱ्याला गेले. आता रोज रात्री फक्त नव्या गोष्टी जातात.

दोन्ही घरं जोडायला टेलस्केल वापरलं, कारण बऱ्याच घरगुती कनेक्शनना स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही. बॅकअपसाठी रेस्टिक. ते डेटा कुलूपबंद करूनच पाठवतं आणि जुन्या तारखांच्या प्रतीही राखतं. हे महत्त्वाचं. नुसतं सिंक केलं तर इथे उडालेली फाइल तिथेही उडते. फक्त पासवर्ड हरवला की खेळ खलास. माझा एका पाकिटात, आत्याच्या कपाटात आहे.

चेकलिस्ट

• आपल्याबरोबर एकाच दिवशी बुडणार वा जळणार नाही अशी जागा निवडा.
• वॉट गुणिले ०.७२ म्हणजे महिन्याचे युनिट.
• नेटचा राउटर यूपीएसवर ठेवा.
• तीन महिन्यांतून एकदा एखादी फाइल परत आणून, उघडून बघा. परत आणता येत नाही तो बॅकअप नाहीच.

परवा टेस्ट म्हणून मी आत्याकडून आलेल्या क्लिप साताऱ्याहून परत मागवल्या. आजीचा आवाज, मागे जात्याची घरघर. तेवढ्यात आईचा फोन आला.

‘अगं, तुझा तो डबा चालू आहे ना? मी तर विसरूनच गेले होते.’

बॉस, याहून चांगला रिव्ह्यू कुठल्या मशीनला मिळणार? आजीची तीन मिनिटं आता तीन ठिकाणी आहेत. चाळीसची एक जरी प्रत तेव्हा साताऱ्याला असती तर... तुमची कुठे आहे? या वीकएण्डला बघाच.