पोचपावतीवर आता काम चालत नाही

इन्फोसिसचं म्हैसूरचं प्रशिक्षण संकुल हिनकलपासून जवळच आहे. त्यामुळे या भागात अमेरिकेतल्या नोकरीचे कागद हा घरगुती विषय आहे. मुलगा एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर, सून एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर, आणि सुनेची नोकरी ईएडी नावाच्या कामाच्या परवान्याच्या कार्डावर. ग्रीन कार्डाच्या रांगेत ठरावीक टप्पा गाठलेल्यांच्या जोडीदारांना हे कार्ड 26 मे 2015 पासून मिळू लागलं. त्यावर ‘सी26’ हा वर्ग आणि मुदत संपण्याची तारीख छापलेली असते. पूर्वी मुदतीत नूतनीकरणाचा अर्ज केला असेल, तर जुनं कार्ड आणि पोचपावती दाखवून 540 दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येई. एच-4वाल्यांना मात्र आय-94 या प्रवेशनोंदीवरची मुक्कामाची तारीख उलटेपर्यंतच. 30 ऑक्टोबर 2025 पासून केलेल्या अर्जांना ही सवलतही उरली नाही. उशीर कार्यालयाचा आणि पगार बंद सुनेचा, ही वाटणी अन्यायाची आहे.

नव्याने छाननी झाल्याशिवाय परवाना वाढवणं सुरक्षेला धोक्याचं आहे, असं तिथलं सरकार म्हणतं. छाननीला कुणाची हरकत नाही. पण तिला लागणाऱ्या वेळेची किंमत अर्जदाराने का मोजावी? ‘180 दिवस आधी अर्ज करा’ हा सल्ला ऐकायला सोपा आहे. प्रत्यक्षात नवऱ्याच्या एच-1बीची मुदतवाढही सहा महिन्यांच्या आतच मागता येते, तिच्यावर एच-4 अवलंबून आणि एच-4वर ईएडी. जादा फी भरून 15 कामकाजी दिवसांत निकाल मिळतो तो फक्त पहिल्या अर्जाचा. उरलेल्या दोन अर्जांना ती सोय नाही. हे तिन्ही अर्ज एकत्र आले तर एकत्रच निकाली काढायचे, असं यूएससीआयएस या अमेरिकी स्थलांतर कार्यालयाने जानेवारी 2023 मध्ये न्यायालयीन समझोत्यात मान्य केलं होतं. तो जानेवारी 2025 मध्ये संपला. म्हणजे काम जमत नव्हतं असं नाही. बंधन संपलं आणि एकत्र निकालाची हमीही गेली. माझ्या मते ती हमी परत मिळवणं हीच खरी मागणी असायला हवी.

तोवर हाताशी असलेले मार्ग तोकडे आहेत. गंभीर आर्थिक नुकसान कागदोपत्री दाखवून तातडीने निकाल मागता येतो, पण तो देणं न देणं अधिकाऱ्याच्या हाती. आपल्या मतदारसंघातल्या अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) सदस्याच्या कार्यालयामार्फत विचारणा करता येते. फारच ताणलं, तर फेडरल न्यायालयात दावा; तो खर्चिक असतो आणि निर्णय लवकर घ्यायला लावतो, अनुकूल घ्यायला नाही. काही जण भारतात येऊन इथूनच काम करण्याचा विचार करतात. त्याला अमेरिकी परवाना लागत नाही, पण कंपनीची तयारी लागते, आणि परतीसाठी नवा व्हिसा लागला तर चेन्नई किंवा हैदराबाद गाठावं लागतं. बंगळुरूच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात अजून व्हिसाचं काम होत नाही. डिसेंबर 2025 मध्ये एच-1बी आणि एच-4 अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी सुरू झाली, तेव्हा अनेकांच्या मुलाखती थेट 2026 वर ढकलल्या गेल्या. तेव्हा वकिलाला विचारल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. आणि अमेरिकेत असताना कार्डाची तारीख उलटली, तर घरून का होईना, एक दिवसही काम करू नका. पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी तो दिवस आड येऊ शकतो.